एक कळ म्हणजे किती?

मिरजेबाहेरच्या वेदनामापन केंद्रात, तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत, सकाळी साडेनऊ वाजता दोन बायका भांडत होत्या. भांडण जुनं होतं आणि दोघींनाही तोंडपाठ होतं. त्यातली एक डॉ. निरुपमा दळवी. जीवभौतिकीची शास्त्रज्ञ, वय चव्वेचाळीस, आणि वेदनापट्टा या यंत्राची जन्मदात्री. दुसरी डॉ. यास्मिन मुजावर. स्त्रीरोगतज्ज्ञ, वरच्या मजल्यावरचं तीस खाटांचं रुग्णालय तिच्या ताब्यात. अकरा वर्षं दुपारचा डबा एकत्र खाल्ल्यामुळे दोघींना एकमेकींचा पाणउतारा करण्याचा हक्कच मिळाला होता.

"चार हजार एकशे सव्वीस बायका," यास्मिन हातातला अहवाल टेबलावर टाकत म्हणाली. "ओटीपोटात दुखतं म्हणून आलेल्या. आणि तू लिहितेस, त्यातल्या दहातल्या नऊ जणींचं दुखणं साधारण आहे."

"मी नाही लिहीत. पट्टा सांगतो."

"अगं, घरचा स्वयंपाक उरकून, दोन बसगाड्या बदलून, घरच्यांची बोलणी खाऊन बाई इथे येते. ती साधारण दुखण्यासाठी येईल का?"

"तू कोणाला विचारतेस? बाईला. मी विचारते तिच्या मज्जातंतूंना," निरुपमा शांतपणे म्हणाली. "पूर्वी तुम्ही डॉक्टर मंडळी काय करायचात? एक ते दहामध्ये किती दुखतं सांगा, असं विचारायचात. भित्री बाई नऊ सांगायची, सोशिक बाई तीन. त्याला काय मोजणं म्हणायचं?"

तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. गर्भाशय, गर्भनलिका, बीजांडकोश, मूत्राशय या सगळ्यांकडून निघणारे वेदनेचे संकेत पाठीच्या कण्याच्या खालच्या भागातून मेंदूकडे जातात. निरुपमाचा पट्टा कमरेला बांधला की तो हे संकेत कातडीवरूनच टिपायचा, श्वासाचा आणि स्नायूंचा गोंगाट गाळून टाकायचा आणि उरलेल्या संकेताचा जोर आकड्यात सांगायचा. दुखतं कशामुळे, हे त्याला कळत नसे. किती दुखतं, एवढंच कळे. वजनाला किलो असतो तसं वेदनेला एकक हवं म्हणून निरुपमाने त्याला नाव दिलं होतं, कळ. पाळीच्या दुसऱ्या दिवशी निरोगी बाईचं जेवढं दुखतं, तेवढं म्हणजे एक कळ.

या एककावरून मग नियम झाला. एका कळेच्या आतलं दुखणं म्हणजे साधारण. गोळी देऊन घरी पाठवायचं. एकाच्या वर गेलं तरच सोनोग्राफी. नियम सोपा होता आणि सोपे नियम लोकांना फार आवडतात. दोन वर्षांत कितीतरी कारखाने आणि शाळा बायकांकडे रजेसाठी दुखणं एका कळेच्या वर असल्याचा दाखला मागू लागल्या. तो दाखला फारशा कोणाला मिळत नसे.

यास्मिन आणखी काही बोलणार एवढ्यात वरून निरोप आला. एका अडलेल्या बाईचं सिझेरियन करायला हवं होतं. "आल्यावर उरलेलं भांडू," म्हणून ती जिना चढून गेली.

पावणेदहाला सिंधू कोळेकर आली. बत्तीस वर्षांची, सडपातळ, तासगावकडच्या एका बेदाण्याच्या शेडवर निवडणीचं काम करणारी. उजव्या हाताने ओटीपोट धरून ती एका अंगावर कलून चालत होती. रिबेका सिस्टरने तिला खुर्चीत बसवलं आणि नेहमीचे प्रश्न विचारले.

"शेवटची पाळी कधी आली होती?"

"दीड म्हयना झाला असंल. गावची जत्रा हुती. निवद माझ्याकडं हुता. मग पाळी फुडं ढकलायच्या गोळ्या घेतल्या धा दिवस."

"गोळ्या बंद करून किती दिवस झाले?"

"आज अकरा. बंद केल्यावर तीन-चार दिसात येती नेहमी. अवंदा आलीच न्हाई. नुसता काळपट डाग लागतोय. आन कालपास्नं उजवीकडं असं दुखतंय की उभं ऱ्हाववंना."

सिस्टरने पट्टा बांधला. दहा मिनिटं पडद्यावर हिरवी रेघ वरखाली होत राहिली. मग आकडा आला : ०.७.

निरुपमाने तो पाहिला आणि तिला बरं वाटलं. ती मुळात मायाळू बाई होती. कोणाला फारसं दुखत नाही हे कळलं की तिला मनापासून आनंद व्हायचा. तिने सिंधूला समजावून सांगितलं, की सणावाराला, लग्नाकार्याला, जत्रेला बायका या गोळ्या घेतात आणि मग पाळी मागेपुढे होते. दुखणं एका कळेच्या आतलं आहे, म्हणजे काळजीचं काही नाही.

सिंधू ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मॅडम, पाळीचं दुखणं मला ठावं हाय. तेरा वर्साची असल्यापास्नं. हे ते न्हाई."

"यंत्र तसं सांगत नाही, सिंधूताई."

"यंत्राला कवा पाळी आलीया?"

रिबेका सिस्टरने खोकला आल्यासारखं करून तोंड फिरवलं. निरुपमाला राग आला नाही, पण आपल्या अकरा वर्षांच्या कामाची एका वाक्यात वासलात लागलेली कोणाला आवडेल? ती म्हणाली, की आकडा खोटं बोलत नाही आणि दुपारच्या बसने सिंधूने घरी जाऊन विश्रांती घ्यावी. सिंधू उठली, दारापर्यंत गेली आणि तिथल्या बाकावर बसली.

"डॉक्टरीणबाई येईस्तवर मी हितनं हलत न्हाई," ती म्हणाली. "वरडा न्हाईतर काय बी करा."

कोणी ओरडलं नाही. निरुपमाने तिच्यासाठी चहा मागवला, तो तिने घेतला नाही. मळमळतंय म्हणाली. दीड तास ती तशीच बसून होती, भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून. निरुपमा आपल्या कामात गढून गेली.

साडेअकराला यास्मिन खाली आली. तिने पडद्यावरचा आकडा पाहिला नाही, बाकावरच्या बाईचा चेहरा पाहिला. चेहरा पांढरा पडला होता. तिने सिंधूची नाडी धरली आणि विचारलं, "खांदा दुखतोय का?"

सिंधूने डोळे उघडले. "तुमाला कसं कळलं? उजवा. मला वाटलं क्रेट उचलून लचकला."

"रिबेका, लघवीची तपासणी. आत्ता, इथेच. आणि स्ट्रेचर मागव. हिला चालवायचं नाही."

तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या. सोनोग्राफीच्या पडद्यावर गर्भाशय रिकामं होतं. गर्भ उजव्या गर्भनलिकेत अडकून वाढत होता, नलिका फाटायला लागली होती आणि पोटात रक्त साचलं होतं. ते रक्त वरपर्यंत पोचलं की छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला टोचतं आणि दुखणं खांद्यात जाणवतं. गोळ्या सुरू करण्याआधीच सिंधूला दिवस गेले होते. पाळी चुकली ती त्यामुळे. गोळ्यांनी फक्त सगळ्यांची समजूत घातली.

वीस मिनिटांत तिला शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेतलं.

तासाभराने यास्मिन बाहेर आली तेव्हा निरुपमा दाराशी उभी होती.

"वाचली," यास्मिन म्हणाली. "तुझ्या दुपारच्या बसमध्ये बसली असती, तर वाटेतच गेली असती."

निरुपमाला उभ्या उभ्याच रडू आलं. कोण जाणे कोणाचे, पण तिने मनातल्या मनात हजार वेळा आभार मानले. ती बाई हट्टी होती म्हणून.

पुढचे चार दिवस निरुपमाने पट्टा खोलून त्याचा कण न् कण तपासला. ठाऊक असलेला चाचणी-संकेत त्यात सोडला, आकडा बिनचूक आला. नवा पट्टा घेतला, तोही बिनचूक. गणित पुन्हा मांडलं, तेही जुळलं. पाचव्या दिवशी यास्मिन डबा घेऊन खाली आली तेव्हा टेबलावर जेवायला जागा नव्हती.

"बिघाड सापडत नाही," निरुपमा हात टेकून म्हणाली. "एक शक्यता अशी, की नलिका फाटेपर्यंत दुखणं कमीच असतं."

"तिचा चेहरा पाहिला होतास ना? मग असलं काही बोलू नकोस." यास्मिनने एक यादी पुढे केली. "दोन वर्षांत मी आकडा न बघता ज्यांची सोनोग्राफी केली आणि ज्यांचं ऑपरेशन करावं लागलं, त्या या सव्वीस जणी. बीजांडकोशाला पीळ पडलेली, ०.८. नलिकेत पू झालेली, ०.६. ही गाठवाली, ०.५. एकाच्या वर फक्त दोघी."

निरुपमाने यादी पुन्हा पुन्हा वाचली. "सगळेच आकडे कमी. आणि एकमेकींच्या प्रमाणात बरोबर. जिचं जास्त बिघडलेलं, तिचा आकडा जास्त."

"म्हणजे?"

"म्हणजे पट्टी सरळ आहे, पण पट्टीवरचा सेंटिमीटरच लांब आहे. यंत्र नीट मोजतंय, एकक मोठं आहे."

"मग एक कळ ठरवली कोणावरून?"

"एका स्वयंसेविकेवरून. तेव्हा पैसा नव्हता, माणसं नव्हती. तीन महिने तिच्या पाळीच्या दुसऱ्या दिवसाची नोंद घेतली आणि सरासरी काढली. पुढे दोनशे जणींवरून बदलायचं ठरलं होतं, पण आकडे छान जुळत गेले आणि ते राहूनच गेलं."

"ती बाई आजारी असेल."

"नाही," निरुपमा ठामपणे म्हणाली. "ती ठणठणीत आहे. मला खात्री आहे."

यास्मिनने नाव विचारलं नाही. स्वयंसेविकांची नावं गुप्त ठेवायची हा नियम होता आणि निरुपमा नियमाची पक्की. फक्त ती एक गोष्ट सांगत नव्हती. प्रमुख शास्त्रज्ञाने स्वतःच्याच अंगावर प्रयोग करायचा नाही, असाही एक नियम होता.

सहाव्या दिवशी सिंधूला घरी सोडायचं होतं. निरुपमा माफी मागायला वॉर्डात गेली. सिंधू खाटेवर बसून केस विंचरत होती. अशक्त दिसत होती, पण बरी होती. खिडकीशी यास्मिन तिचा कागद लिहीत उभी होती.

"माझ्यामुळे तुमच्या जिवावर बेतलं होतं," निरुपमा म्हणाली. "मी तुमचं ऐकायला हवं होतं."

"आसू द्या वो. पोटातलं गेलं ते गेलं, त्याचं वाईट वाटतंय. पर घरात दोन पोरी हाईत, त्यांची आई ऱ्हायली. तुमी मला हाकलून तर न्हाई दिलं. च्या बी मागवला." ती जराशी हसली. "यक इचारू का? तो पट्टा म्हनला पॉइंट सात. कशाच्या पॉइंट सात?"

"एका कळेच्या. निरोगी बाईला पाळीत दुसऱ्या दिवशी दुखतं ना, तेवढं म्हणजे एक."

"कुन्या बाईला?"

जिचा जीव आपण जवळजवळ घालवला होता, तिच्याशी खोटं बोलणं निरुपमाला जमेना. "मला," ती हळूच म्हणाली.

खिडकीशी चाललेलं लिहिणं थांबलं.

"आन तुमाला किती दुखतं वो, मॅडम?"

"साधारण. सगळ्यांना दुखतं तेवढं. पहाटे उलटी होते, मग गोळी घेते. दोन-तीन तास टेबलाची कड धरून उभी राहते, बसवत नाही म्हणून. डोळ्यांपुढे अंधारी येते. दुपारपर्यंत कामाला लागते. आजवर एक रजा घेतलेली नाही." शेवटचं वाक्य ती थोड्या अभिमानाने म्हणाली.

"दर म्हयन्याला?"

"दर महिन्याला. तेरा-चौदाव्या वर्षापासून. आईला तसंच व्हायचं, मावशीलाही. बाईच्या जन्माला हे असतंच."

सिंधूने फणी खाली ठेवली. "न्हाई वो मॅडम. आमच्या शेडात चाळीस बायका हाईत. दिसभर बेदाणं निवडत बसायचं, तोंड मोकळंच असतंय, सगळं बोलून हुतं. कुनाची पाळी कवा, कुनाला किती दुखतंय, सगळ्यास्नी सगळ्यांचं ठावं असतंय. तुमच्यावानी चाळिसातल्या दोघीस्नी हुतं. त्या दोघीस्नी आमी 'जावा बाई, दवाखान्यात दावा' म्हनतो. बाकीच्यांची कंबार जरा धरती, त्या कुरकुरत्यात आन निवडत ऱ्हात्यात." तिने निरुपमाकडे निरखून पाहिलं. "तुमी कवा कुनाला इचारलंच न्हाई?"

निरुपमाने खरंच कोणाला विचारलं नव्हतं. तिच्या घरी आई शिक्षिका, वडील प्राध्यापक, कपाटं पुस्तकांनी भरलेली. पण त्या चार दिवसांबद्दल कोणी बोलायचं नाही. आई न्हाणीघरात ओकायची आणि नळ सोडून ठेवायची, आवाज येऊ नये म्हणून. तिघीच जणी तिने पाहिल्या होत्या. आई, मावशी आणि आपण स्वतः. तिघींना सारखंच होत होतं, म्हणजे ते साधारण होतं. चार हजार बायकांचं दुखणं मोजणाऱ्या शास्त्रज्ञाने साधारण काय, हे तीन बायकांवरून ठरवलं होतं आणि त्या तिघी एकाच घरातल्या होत्या.

"मॅडम," सिंधू म्हणाली, "राग येऊ देऊ नका, पर माझी नळी फुटाय आलती तवा मला पॉइंट सात दुखत हुतं. तुमाला दर म्हयन्याला त्याच्यापरीस जास्त दुखतंय. तुमी डॉक्टरला दावलंय का?"

यास्मिन खिडकीपासून हलली आणि निरुपमाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. "अकरा वर्षं तुझ्या शेजारी बसून जेवतेय," ती म्हणाली. "महिन्यातून एक दिवस तू डबा उघडत नाहीस. मी म्हणायचे, काम फार आहे हिला. आणि मी स्त्रीरोगतज्ज्ञ."

तपासणी त्याच दुपारी झाली. निरुपमाला एंडोमेट्रिओसिस होता. गर्भाशयाच्या आत असणारं अस्तर बाहेर, बीजांडकोशांवर आणि आतड्यांच्या मागे पसरलं होतं. दर महिन्याला तेही सुजायचं, रक्त टाकायचं आणि सगळ्या अवयवांना एकमेकांशी चिकटवत जायचं. हा आजार पुष्कळदा आईकडून लेकीकडे येतो. तीस वर्षांत तो खूप पुढे गेला होता. लग्नाच्या सुरुवातीच्या वर्षांत निरुपमाने आणि तिच्या नवऱ्याने मूल होत नाही म्हणून बऱ्याच तपासण्या केल्या होत्या आणि कारण सापडत नाही म्हणून सोडून दिल्या होत्या. तेव्हा तिला कोणी विचारलं होतं, पाळीत दुखतं का? तिने सांगितलं होतं, साधारण.

मूल न होण्याचं कारण हेच असावं, असं यास्मिनने तिला सांगितलं. मग तिने कागद मागितला आणि स्वतःच्या ऑपरेशनची तारीख ठरवण्याआधी एक पत्र लिहिलं. त्या चार हजार एकशे सव्वीसपैकी साधारण ठरवलेल्या प्रत्येक बाईला ते गेलं. शिवाय दाखला मागणाऱ्या प्रत्येक कारखान्याला आणि शाळेलाही.

"आमच्या केंद्राने तुमचं दुखणं साधारण आहे असं सांगितलं होतं," पत्रात लिहिलं होतं. "ते चूक होतं. आमचं यंत्र बरोबर होतं, पण ज्या बाईच्या वेदनेला आम्ही एक धरलं ती बाई फार आजारी होती आणि तिला ते माहीत नव्हतं. ती बाई मीच आहे. तुम्ही खरं सांगत होता. कृपया परत या. आता आधी तुमचं ऐकू आणि मग मोजू. तासगावच्या एका बाईने जागचं हलायला नकार दिला म्हणून ही चूक कळली. आपण सगळ्यांनी तिचे आभार मानायला हवेत. मी रोज मानते."

बायका परत आल्या. रिबेका सिस्टरला दोन मदतनीस घ्याव्या लागल्या. नव्या एककासाठी आता कोणा एकीवर विसंबायचं नव्हतं. शंभर ठिकाणच्या बायका हव्या होत्या. पहिल्या चाळीस सिंधूच्या शेडवरून आल्या, पट्टे बांधून बेदाणे निवडत बसल्या आणि दोन दिवसांत त्यांनी निरुपमाला तिच्या सगळ्या पुस्तकांनी मिळून सांगितलं नव्हतं एवढं सांगितलं. ती त्यांच्यात मांडी घालून बसली होती. पहिल्यांदाच तिनेही आपलं सगळं सांगितलं, उलटीसकट. एकीने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

तिचं ऑपरेशन चार तास चाललं. त्यानंतर तीन महिन्यांनी पाळीच्या दुसऱ्या दिवशी ती सवयीप्रमाणे पहाटे उठली, न्हाणीघरात गेली आणि उलटी येण्याची वाट पाहत उभी राहिली. उलटी आली नाही. तिने चहा केला. तो प्यायला, तोही टिकला. तिला भलतीच शंका आली. नऊ वाजता केंद्रात येऊन तिने पट्टा बांधून घेतला.

नवं एकक अजून ठरायचं होतं, पट्टा जुन्याच कळेत मोजत होता. पडद्यावर ०.०८ आला.

"रिबेका, पट्टा बदल," ती म्हणाली.

दुसऱ्या पट्ट्यानेही ०.०८ दाखवला. तिने चाचणी-संकेत सोडायला लावला, तारा तपासल्या, तिसरा पट्टा मागवला आणि शेवटी यास्मिनला खाली बोलावून घेतलं. "बघ, पुन्हा बिघाड झालाय," ती वैतागून म्हणाली. "दुसरा दिवस आहे माझा. इतका कमी आकडा येणं शक्यच नाही."

यास्मिनने पडद्याकडे पाहिलं. मग निरुपमाच्या कमरेचा पट्टा सोडवला आणि तिचा हात हातात घेतला.

"यंत्र ठीक आहे गं," ती म्हणाली. "तुला बरं वाटतंय."